पंचांनी मागे घेतलेला निवाडा

पंच (१९५७–२०२०). खरे नाव पगारपत्रकावर आणि घराच्या दारावर होते. इतरत्र ते कुणी घेत नसे आणि त्यांनाही त्याची उणीव भासत नसे. शिक्षण गणिताचे, व्यवसाय संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा सांभाळण्याचा. सर्व उपकरणांत कामाची वाटणी करणारा, वापरणाऱ्याला कधीही न दिसणारा असा तो आतला भाग. त्या भागात काय घडले आणि कोणत्या क्रमाने घडले, याचा माग नोंदवणारे साधन पंचांनी उभे केले आणि उमेदीची सगळी वर्षे त्याच्या देखभालीत घालवली.

टोपणनाव पडले ते या साधनामुळेच. कार्यालयात दोन प्रोग्रामर हमरीतुमरीवर आले की तिसरा म्हणे, "चला पंचांकडे." पंच शांतपणे माग काढत, कागदावर छापून घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि एका ओळीवर बोट ठेवत. "इथे." त्यापलीकडे ते बोलत नसत. ज्याच्या कोडवर बोट पडे, तो मान खाली घालून जागेवर जाई. अपील नव्हते.

अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत या बोटाचाही त्यांना शीण येऊ लागला होता. "कंटाळा" हा शब्द ते वापरत नसत. कंटाळा आळशांना येतो, असे त्यांचे मत. पण सकाळी कार्यालयाच्या जिन्यात ते मधल्या वळणावर उगाच थांबत, खिसे चाचपल्यासारखे करत आणि मग वर जात. निवृत्तीला दोन वर्षे होती. तेवढी निभावून न्यायची, एवढीच इच्छा उरली होती.

त्याच सुमारास लिफ्टचे प्रकरण उद्भवले.

त्यांच्या विभागाने जुळवून दिलेला गाभा एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रकांत बसवलेला होता. काही इमारतींतल्या लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अचानक थबकू लागल्या. एका म्हाताऱ्या बाईंना गुडघ्याच्या दुखण्यासकट तासभर आत उभे राहावे लागले आणि तक्रार थेट विभागप्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या, टेबलावर येऊन आदळली. साहेबांनी ती तशीच उचलून पंचांपुढे ठेवली.

पंचांनी माग काढला. नियंत्रकात दोन प्रोसेसर होते आणि दाराची माहिती दोघांच्या सामाईक वापरात होती. एकजण ती माहिती हाताळत असताना दुसऱ्याने हात घालू नये, म्हणून तिला कोडमधले कुलूप असते. मागात स्वच्छ दिसत होते की पहिल्या प्रोसेसरने कुलूप सोडण्याच्या जरासे आधीच दुसऱ्यावरच्या कोडने माहितीला हात घातला होता. तो कोड खारूताईचा होता.

खारूताई हे नाव तिच्या खणात कायम असणाऱ्या शेंगदाण्यांमुळे पडले. वडिलांच्या दीर्घ आजारपणात तिने नोकरी सोडली होती. चार वर्षांच्या खंडानंतर तिला कुणी उभे करीना, तेव्हा इथे परीक्षाधीन म्हणून जागा मिळाली. अजून कायम झालेली नव्हती.

"इथे," पंच म्हणाले.

खारूताई त्या ओळीवर वाकली. "सर, कुलूप मिळाल्याशिवाय माझा कोड पुढे जातच नाही. तुम्ही वाचून बघा ना."

"वाचला आहे. मीही तसेच समजत होतो. पण माग वेगळे सांगतो."

"मग मागच वाचून बघा की एकदा!"

साहेब हसले. "बाई, उद्या म्हणाल आरसा वाकडा आहे. पंचांचं साधन खोटं बोलत नसतं."

पंचांनी छापील मागाची घडी घातली. त्यांना फक्त बसायचे होते. महिनाअखेर खारूताईला कामावरून कायमची रजा द्यायचे ठरले आणि तिच्या भागाच्या जागी जुनी आवृत्ती बसवली गेली.

दुसऱ्याच आठवड्यात लिफ्ट पुन्हा थबकली.

साहेबांनी फोन ठेवला तो असा, की पलीकडच्या खोलीतल्या माणसांनीही मान वर केली. पंच परत माग काढायला बसले. दुपारचे ऊन पडद्यावर येत होते. त्यांनी खुर्ची फिरवली आणि ओळीमागून ओळ वाचू लागले. मधेच ते थांबले. दुसऱ्या प्रोसेसरला एक निरोप पोचल्याची नोंद होती आणि त्याच्या खालच्या ओळीत तोच निरोप पहिल्याने पाठवल्याची. पाठवण्याआधी पोचलेला निरोप! त्यांनी खाली शोधले. आणखी एक सापडला.

हे कसे घडते, हे जगात पंचांइतके कुणाला ठाऊक नव्हते. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचे घड्याळ असते. स्वतःच्या घड्याळात पाहणे क्षणाचे काम; सर्वांच्या सामाईक घड्याळाला विचारणे वेळखाऊ. साधन नवे असताना लोक ओरडत की माग सुरू केला की यंत्र मंदावते. म्हणून पंचांनी स्वतःच जलद घड्याळ निवडले आणि दोन्ही नोंदी वेळेनुसार एकात एक मिसळून, नेटक्या एका यादीत दाखवण्याची सोय केली. ती यादी पाहून लोक खूश झाले होते. दोन घड्याळांत किंचित फरक असू शकतो, ही सूचना त्यांनीच माहितीपुस्तिकेच्या शेवटी घातली होती. कुणी वाचली नाही. लिहिणारा तर पुरताच विसरला.

कुलूप सुटणे आणि खारूताईच्या कोडने हात घालणे यांतले अंतर त्या फरकाहून लहान होते. आधी काय आणि नंतर काय, हे त्या मागावरून कुणालाच सांगता आले नसते. पंचांनी मात्र बोट ठेवले होते.

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळे ऐकून घेतले, दार लावून घेतले आणि आवाज खाली आणला.

"पंच, याचा अर्थ कळतोय ना? इतकी वर्षं आपण गिऱ्हाइकांना जे निवाडे दिले, ते सगळेच लोक उकरून काढतील."

"सगळे नाहीत. ज्यांत अंतर फार कमी होते, तेवढेच."

"ते त्यांना कोण समजावणार? तुम्ही? दोन वर्षं राहिलीत तुमची. गुपचूप दुरुस्त करा आणि सुखानं घरी जा."

"आणि त्या बाई?"

"त्या परीक्षाधीनच होत्या. त्यांना ठेवलंच पाहिजे, असं कुठे होतं?"

पंच उठले. खोटे कशाला, त्यांना हायसे वाटले होते. गुपचूप दुरुस्त करणे त्यांच्या अंगात उरलेल्या ताकदीत बसत होते.

संध्याकाळी ते पत्नीच्या औषधाच्या दुकानात, गल्ल्यामागच्या स्टुलावर जाऊन बसले.

"अहो, बसा खुशाल, पण खोकल्याच्या बाटल्या रांगेत लावू नका. मागच्या वेळी लावल्यात, मला दोन दिवस काही सापडलं नाही."

पंचांनी हात मागे घेतला आणि सगळे सांगितले. ती गोळ्यांची पाकिटे फळीवर लावता लावता ऐकत होती.

"त्या निवृत्त मास्तरांकडे माझ्या हातून चुकीच्या गोळ्या गेल्या होत्या, आठवतं? दुकान उघडं टाकून धावत गेले. बघते तर मास्तर गाढ झोपलेले. गोळ्या झोपेच्याच होत्या!"

पंच हसले नाहीत. "मी थकलोय गं."

"थकलेले तर तुम्ही लग्नातही होतात." मग ती पाकीट हातातच धरून वळली. "तिला सांगितलंत का?"

"नाही."

"मग माझ्यापाशी काय बसलात?"

दुसऱ्या दिवशी खारूताई खण रिकामा करत होती. पंच तिच्या टेबलाशी उभे राहिले आणि नेहमीच्या काटेकोर वाक्यांत त्यांनी चूक सांगितली. शेवटी म्हणाले, "मी तुमची क्षमा मागतो."

तिने खण आत ढकलला. मग म्हणाली, "क्षमेचं मी काय करू, सर? चार वर्षांचा खंड आधीच कपाळावर आहे. आता नव्या ठिकाणचे लोक इथे फोन करतील. साहेब काय सांगतील? 'हिच्या कोडनं लिफ्ट अडकल्या.' ते पुसता येतं का तुम्हाला?"

"साहेबांच्या तोंडचं नाही."

"मग राहू द्या." तिने दाण्यांची पिशवी त्यांच्यापुढे केली. "घ्या. न्यायला जड होतात."

पंचांनी दोन दाणे घेतले आणि जागेवर येऊन बसले.

हा गाभा जगभरच्या प्रोग्रामरांच्या सामाईक मेहनतीचा, आणि त्यात काम करणाऱ्यांची एक रीत आहे. कोडमधला प्रत्येक बदल सर्वांसमोर मांडावा लागतो आणि तो का केला, याचे निवेदन त्याला जोडावे लागते. बदल स्वीकारला गेला की ते निवेदन इतिहासात कायमचे राहते. पुढे लिहिणाऱ्यालाही त्यातला शब्द हलवता येत नाही. पंचांनी साधनात बदल केला: दोन नोंदींतले अंतर घड्याळांच्या फरकाहून लहान असेल, तर त्यांच्याशेजारी 'क्रम अनिश्चित' अशी खूण उमटावी. मग निवेदन लिहिले. त्यात तांत्रिक कारण होते आणि त्याखाली दोन वाक्ये होती. या दोषामुळे एका सहकारी अभियंत्यांचा निर्दोष कोड मी दोषी ठरवला. तो निवाडा मी मागे घेत आहे. त्यापुढे त्यांनी खारूताईचे पूर्ण नाव लिहिले आणि साहेबांना न विचारता ते सगळे जगभरच्या मंडळींपुढे ठेवून दिले.

साहेबांनी पंचांशी बोलणे टाकले. बाहेरच्या मंडळींनी मात्र बोलून बोलून पंचांना जेरीस आणले. कुणी म्हणाले, खूण उमटवायला फार वेळ लागतो. कुणी म्हणाले, खुणेचे नावच बदला. त्यांच्या मुलाच्या वयाच्या एका तज्ज्ञाने त्यांना मोजमापाचे प्राथमिक धडे दिले. ती दोन वाक्ये तेवढी गाळा, अस्थानी वाटतात, असेही एकाने सुचवले. पंचांनी बाकी सगळे मान्य केले, पुन्हा पुन्हा लिहिले आणि ती वाक्ये प्रत्येक आवृत्तीत जशीच्या तशी ठेवली. हे काम महिनोन्‌महिने भिजत पडले. त्या काळात ते जेवतानाही डोळे मिटून घास चावत, असे त्यांची पत्नी सांगते.

अखेर बदल स्वीकारला गेला. लिफ्टचा खरा दोष दुसऱ्याच एका तुकडीला सापडला: झोपलेल्या कामाला जागे करण्याचा इशारा कधीमधी वाटेतच विरून जात असे. हा दोष कुणाचा, याचा निवाडा पंचांनी दिला नाही आणि त्यांना कुणी विचारलाही नाही. वाद आता माणसे आपापसातच मिटवत किंवा चिघळवत. टोपणनाव हळूहळू मागे पडले. नवी माणसे त्यांना नुसते "काका" म्हणू लागली.

खारूताईला नोकरी मिळायला वर्ष लागले. मुलाखतीत लिफ्टचा विषय निघालाच. तिने ते निवेदन पडद्यावर उघडून दाखवले. समोरच्याने ते दोनदा वाचले आणि पुढचा प्रश्न विचारला. हे तिने पंचांना फोनवर कळवले. आवाजात जिव्हाळा नव्हता, रागही नव्हता. "कळवायला हवं होतं, म्हणून कळवलं," ती म्हणाली आणि पंचांनी तिचे आभार मानले.

विभागाने मात्र ती निर्दोष असल्याचे लेखी कधीही दिले नाही. निवृत्त होईपर्यंत पंचांनी त्यासाठी तीन अर्ज केले. पहिल्यावर "पाहतो" असा शेरा आला, पुढच्या दोहोंवर काहीच नाही. खारूताईचे ते येणे अजून बाकी आहे.