बाल्कनीत ठेवलेली दाढी

आमच्या सुबोधला देवाची हाक ऐकू आली ती नोव्हेंबरात, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

तसा माणूस सरळ. सुबोध रणनवरे, वय चोपन्न, राहणार चकाला, अंधेरी पूर्व. धंदा, दाढ्या लावणे. हसू नका. अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये पौराणिक मालिका चालतात, त्यांत ऋषी लागतात आणि ऋषींना दाढ्या लागतात. एकतीस वर्षं हा माणूस सकाळी सातला पेटी उचलून निघतो आणि लोकांच्या गालांना गम लावून केस चिकटवतो. माझ्या वडिलांना मध्यस्थानं "मुलगा फिल्म लाइनमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. लग्नानंतर त्यांनी पेटी उघडून बघितली आणि तडक मध्यस्थाचं घर गाठलं.

पण खरी कला लावण्यात नाही, काढण्यात आहे, हे मला लग्नाच्या सत्तावीस वर्षांत कळलं. पॅकअप झालं की सगळ्यांना घरी पळायचं असतं. बाकीचे लोक दाढी धरतात आणि खस्सकन ओढतात, मग कातडी आली तरी चालेल. सुबोध कोमट खोबरेलात कापूस बुडवतो आणि कडेकडेनं दहा मिनिटं दाढी सोडवत बसतो. "डोळे मिट. तोंड सैल सोड," म्हणतो. आता डोळे मिटून, तोंड सैल सोडून दहा मिनिटं बसवलं की माणूस बोलायला लागतो. कुणाची बायको माहेरी गेलीय, कुणाचा मुलगा नापास झालाय. सुबोध नुसतं "हं" म्हणतो. आणि घरी येऊन जेवणाआधी त्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. लवूचा गुडघा, लवूच्या मेव्हण्याची दारू, पुढे अजून सात-आठ जण. हा लवू म्हणजे मालवणचा, एकोणीस वर्षं ऋषी म्हणून मागच्या रांगेत उभा आहे, अजून एक वाक्य तोंडी आलेलं नाही. ही यादी संपेपर्यंत माझ्या आमटीवर साय धरते. यावरून आमची भांडणं किती झाली ते विचारू नका.

तर नोव्हेंबरात आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक, रेव्हरंड सुयोग भालेराव, यांनी लागोपाठ तीन रविवार एकाच विषयावर उपदेश केला. 'तुमचं रोजचं काम आणि प्रभूचं पाचारण.' पाचारण म्हणजे देवाची हाक. पाळकसाहेबांचं वय अडतीस, आवाज खणखणीत. तिसऱ्या रविवारी चहाच्या वेळी मंडळीचे सेक्रेटरी चैतन्य साळवे सुबोधला म्हणाले, "काय रे, एकतीस वर्षं खोट्या दाढ्या चिकटवल्यास. प्रभूसमोर उभा राहिलास की काय दाखवणार, गमची बाटली?"

सगळे हसले. सुबोधही हसला. पण घरी येऊन जेवला नाही.

त्यातच मंडळीच्या पूर्णवेळ प्रचारकाची जागा रिकामी झाली. सुबोधनं त्या जागेसाठी विचारलं, पाळकसाहेब म्हणाले, "विचार करा, नववर्षाच्या उपासनेला उत्तर द्या." झालं! हा माणूस विचार करायला लागला. ज्या माणसाला दुकानात मोज्यांचा रंग ठरवता येत नाही, त्यानं आता आयुष्य ठरवायचं होतं.

"देवाकडे खूण मागतो," म्हणाला. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका माणसानं रात्रभर लोकर उघड्यावर ठेवून खूण मागितली होती. लोकर भिजली आणि जमीन कोरडी राहिली, तर होकार. आता चकाल्यात लोकर कुठून आणायची? म्हणून यानं पेटीतली सगळ्यात लांब, पांढरी, वसिष्ठछाप दाढी काढली आणि बाल्कनीत पाटावर ठेवली. दाढी भिजली आणि फरशी कोरडी, तर स्टुडिओ सोडायचा.

सकाळी बघतो तर दाढी ओली आणि फरशीही ओली.

"अनुपमा, याचा अर्थ काय गं?"

"याचा अर्थ वरच्या शेवंतीबाईंच्या कुंडीला भोक आहे."

त्यानं दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवली, या वेळी कुंडीपासून लांब. सकाळी पाट होता, दाढी नव्हती. सुबोध पाटासमोर गुडघ्यांवर बसला, डोळ्यांत पाणी. "प्रभूनं दाढीच काढून घेतली! एवढं स्पष्ट उत्तर कुणाला मिळतं?"

मी दूध आणायला खाली उतरले तर वॉचमनच्या केबिनमागे आमच्या सोसायटीची मांजर आपल्या तीन पिल्लांना घेऊन त्याच दाढीवर ऐसपैस झोपलेली. मी वर येऊन सांगितलं. तर हा शांतपणे म्हणतो, "आणि मांजरीला कोणी पाठवलं?"

कपाळ माझं!

त्या दिवसापासून तो स्टुडिओत गेला नाही. जेवणाआधीची नावांची यादीही बंद झाली. "पेटी भंगारात देऊन टाक," म्हणाला. मी "दिली" म्हटलं. आणि मग तो घरात असा फिरायला लागला की बघवेना. शेजारचे आजोबा दाढी करून आले की त्यांच्या हनुवटीकडे बघत बसायचा. बोटं नुसती चाळवत राहायची. मला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. हा प्रचारक झाला तर चार लोकांसमोर बोलायचं कसं? बारशाला दोन शब्द बोलायला सांगितले तर याला घाम फुटतो. मंडळी हसेल, हा खचेल, आणि परत जायला स्टुडिओही उरणार नाही.

लवूचा फोन आला तो मला. "वयनी, सुबोधाक धाडून देवा. ह्यो नवो माणूस दाढी काढणा नाय, कोंबडी सोलता!" मी फोन सुबोधच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं आणि उठून बाल्कनीत गेला.

चोवीस तारखेला संध्याकाळी नाताळचं नाटक. आम्ही ज्या शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरवतो तिथेच. प्रभूच्या आईवडिलांना जागा नाकारणाऱ्या धर्मशाळेच्या मालकाचं काम दर वर्षी पाळकसाहेबांकडे असतं, आणि दाढी सुबोधकडे. यंदा सुबोध म्हणाला, "ते काम मी सोडलं." चैतन्य म्हणाले, "त्यात काय एवढं? मी लावतो." आणि कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्याकडून तळवे चिकटवायच्या सोल्युशनची डबी आणली.

पाळकसाहेबांनी "जागा नाही, पुढे व्हा!" असं दणक्यात म्हटलं, टाळ्या पडल्या, पडदा पडला. आणि दाढी निघेना. मिशी तर वरच्या ओठाला अशी बसलेली की साहेबांना 'प' आणि 'ब' म्हणता येईना. चैतन्यनी एकदा जोर लावून ओढली. साहेबांची किंकाळी हॉलमध्ये ऐकू आली आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं रॉकेल लावा, कुणी म्हणालं कातरीनं कापा. सकाळी नऊला नाताळची उपासना, चारशे माणसं येणार. वाट लागली होती.

सुबोध तिसऱ्या बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"जा ना," मी म्हटलं.

"मी देवाला शब्द दिलाय."

"देवाला नाही, मांजरीला दिलायस! तिथे एका माणसाची कातडी सोलतायत आणि तू इथे पाचारण शोधतोयस? लाज वाटते का जराशी?" बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत. मी तशीच रिक्षा पकडून घरी गेले, दिवाणातल्या गाद्यांखालून पेटी काढली आणि आणून त्याच्यापुढे आपटली.

"भंगारात दिली होतीस ना?"

"खोटं बोलले. नाताळ आहे, माफी मिळेल."

त्यानं पेटीवरून हात फिरवला आणि उठला. आतल्या खोलीत चहाच्या पातेल्यात खोबरेल कोमट केलं. सगळ्यांना बाहेर काढलं. मी वाटी धरायला थांबले. "साहेब, डोळे मिटा. तोंड सैल सोडा." आणि कडेकडेनं सुरुवात केली.

पाऊण तासानं ओठ मोकळा झाला. साहेबांनी डोळे उघडले नाहीत. तसेच हळूच म्हणाले, "सुबोधभाऊ, चार महिने झाले. मी प्रार्थनेला बसतो आणि पलीकडे कुणीच नाही असं वाटतं. पाचारणावर बोललो ना तीन रविवार, ते तुम्हाला नव्हतं सांगत. स्वतःलाच विचारत होतो."



"हं," सुबोध म्हणाला.

"उद्या उभा राहून काय बोलू, मला माहीत नाही. घरी बायकोलाही सांगितलेलं नाही मी हे."

"हं. जरा डावीकडे वळा."

साहेबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुबोधनं त्याच कापसानं तेही टिपलं आणि काम चालू ठेवलं. शास्त्रातलं एक वचन नाही, सल्ला नाही, काही नाही. मी वाटी धरून उभी होते आणि माझ्या नवऱ्याचे हात बघत होते. सत्तावीस वर्षांत मी त्याला काम करताना इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते.

सगळी दाढी निघायला सव्वा तास लागला. साहेबांनी तोंड धुतलं, आरशात बघितलं. हनुवटी लाल झाली होती, पण चेहरा जागेवर होता.

"त्या प्रचारकाच्या जागेचं उत्तर देणार होतात," ते म्हणाले.

सुबोध पेटी बंद करत होता. "साहेब, लवूचं मंगळवारी शूटिंग आहे," म्हणाला. "मलम ठेवून जातो. झोपताना लावा."

घरी आल्यावर मी ताटं वाढली आणि त्यानं डोळे मिटले. लवूचा गुडघा झाला, मेव्हण्याची दारू झाली, तीन आठवडे राहून गेलेली सगळी नावं झाली. यादी संपली असं वाटून मी घासाला हात घातला, तेवढ्यात त्यानं अजून एक नाव घेतलं. "सुयोग." पाळकसाहेब नाही, रेव्हरंड नाही, नुसतं सुयोग. आणि त्या नावावर तो इतका वेळ थांबला की आमटी पार गार झाली. मी हात मागे घेतला आणि त्याच्याबरोबर डोळे मिटले.