पुरसिसवरची सही

ही गोष्ट सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. धाकटा भाऊ तुरुंगात कसा गेला असे कुणी विचारले, की मी नशिबावर ढकलायचो. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता.

बांधाच्या भांडणात त्याच्या हातून एकाचे डोके फुटले. कोर्टाने शिक्षा न देता त्याला चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडले. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, ही अट होती. जामीन मीच होतो.

त्या हिवाळ्यात भावजय तिच्या भावासोबत ऊसतोडीला गेली होती. टोळीत एकट्या माणसाला काम नसते. दोघे मिळून एक कोयता धरतात. तिच्या भावाचा हात कापला, तो घरी परतला आणि ती परमुलखात एकटी राहिली. फोन आला तसा माझा भाऊ कुणाला न विचारता निघाला. तो फड मी कधी पाहिला नाही, तरी अजून दिसतो. धुक्यावर उसाचे पांढरे तुरे तरंगतात आणि खालून ती दोघे डोक्यावर मोळ्या घेऊन येतात. त्यांचे पाय दिसत नाहीत.

हंगाम संपायच्या आतच बंधपत्र रद्द करण्याची नोटीस आली. कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या वकिलांनी एक पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचा लेखी जबाब, पुढे केली. म्हणाले, सही करा, लवकर मिटेल. गावात कुणाचाही कागद आला की वाचायला माझ्याकडे यायचा. सोबत आलेला शेजारी हसत म्हणाला, "ह्यांच्यात तर घरचाच वकील हाय."

मी वाचले. अटीचा भंग मान्य आहे, मला काही म्हणायचे नाही, पुरावा द्यायचा नाही. अक्षरे सगळी लागली, पण या सहीने आपण काय सोडून देतो आहोत ते कळले नाही. शेजाऱ्यासमोर वकिलांना विचारायची मला लाज वाटली.

"दादा, ती एकटी होती म्हणून गेलतो, ते ह्यात लिवलंय का?" भावाने विचारले.

"त्याची गरज न्हाई. कर सही."

आत न्यायाधीशांनी त्याला विचारले, सही स्वखुशीने केली का. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग हो म्हणाला. सहा महिन्यांची शिक्षा झाली.

पुढे दुसऱ्या कुणाच्या कामासाठी त्याच व्हरांड्यात बसलो असताना एका तरुण वकीलबाईंना मी परक्याची गोष्ट असल्यासारखे विचारले. त्या म्हणाल्या, अशी सही म्हणजे आपले म्हणणे मांडायचा हक्क सोडणे. ती नाकारता येते, मुदत मागता येते.

"नाहीतर कोर्टाने विचारलं असतं ना काका, का गेला म्हणून. कदाचित ऐकलंही असतं."

ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होते. मी ते पाहत राहिलो.

तो सुटून आल्यावर आम्ही दोघे कपिलधारला गेलो. धबधब्याच्या तुषारांत त्याचा चेहरा मध्येच दिसायचा, मध्येच पुसला जायचा. मी काहीतरी बोललो. पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेले नाही. कान जवळ आणून त्याने विचारले, "काय म्हणलं दादा?"

"काही न्हाई."

गेल्या वर्षी तो वारला. त्या दिवशी म्हणालो होतो ते एवढेच: तो कागद मला कळला नव्हता रे, आणि कळला नाही हे तुला सांगायची मला लाज वाटली. मला माफ कर.