मागच्या सीटवरचा ओंकार

त्या सकाळी हायवेच्या कडेला उभं राहून मी महादेवाला नाही नाही ते बोलले, हे आधीच कबूल करते. इतक्या वर्षांत त्याचा सोमवार मी कधी मोडला नाही, आणि ऐन गरजेच्या वेळी त्यानं आमची गाडी इच्चोड्याच्या पुढं, जवळ गाव ना झाड अशा जागी थांबवली. आत माझे यजमान मान मागं टाकून श्वास ओढत होते. "तुझ्यासाठी बोटं झिजवली रे, अन् तू हे दिलं?" मी मोठ्यानं म्हटलं. माझी सून वैशाली माझ्याकडं बघतच राहिली. सासूची बोलणी तिनं पुष्कळ खाल्ली आहेत, पण सासू देवाला झापते आहे हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. पुढं जे घडलं त्याला चमत्कार म्हणावं की काय, हे मला कळत नाही. जसं झालं तसं सांगते.

आम्ही तेलंगणातल्या बोथचे. बाजारात आमचं लहानसं किराणा दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी यजमानांच्या दोन्ही किडन्या थकल्या आणि आठवड्यातून तीनदा आदिलाबादला डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी त्यांच्या डाव्या हाताची नस ऑपरेशन करून धमनीला जोडून घेतली आहे. तिथं बोट ठेवलं की कातडीखाली काहीतरी सारखं घरघरतं. नर्सबाईनं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की ही घरघर रोज हात लावून बघायची, ती आहे तोवर काळजी नाही, थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा. मी मान हलवली आणि ते काम वैशालीवर सोपवून मोकळी झाले. खरं म्हणजे मला त्या हाताची भीती वाटायची. माझ्या माणसाच्या अंगात असं काही घरघरावं, हे मला सोसत नव्हतं.

मुलगा हैदराबादला नोकरीला. वडिलांची ये-जा सोयीची व्हावी म्हणून त्यानं आपली गाडी आमच्याकडं पाठवली, आणि गाडीबरोबर बायकोलाही. वैशाली गाडी फार छान चालवते, हे मी आत्ता लिहिते आहे, तोंडावर अजून म्हटलेलं नाही. गाडी हायब्रीड. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हायब्रीड मंजे? आपल्या ज्वारीवानी?" गल्लीतला जो तो येऊन चार्जिंगची वायर कुठं खुपसता म्हणून विचारायचा, आणि वैशाली न कंटाळता प्रत्येकाला सांगायची की हिला वायर लागत नाही, ही पेट्रोलवर चालता चालता आपली बॅटरी आपणच भरून घेते. सुरू झाली तरी आवाज करत नाही. पहिल्या आठवड्यात मी दहा वेळा तरी विचारलं असेल, "बंद पडली काय वं?" बाजारातल्या गाई तर तिला मोजतच नाहीत, हॉर्न वाजवल्याशिवाय उठत नाहीत.

चातुर्मास लागला तशी मी महादेवापुढं लक्ष वातींचा नेम धरला. एक लाख वाती हातानं वळायच्या, प्रत्येक वातीला नमः शिवाय म्हणायचं, आणि कार्तिकात उद्यापन करायचं. यजमानांच्या आयुष्यासाठी. कापूसही मशीनचा चालायचा नाही, हे माझंच टुमणं. सरकी काढायच्या जिनिंग मशीनमधून गेलेल्या कापसाला किती हात आणि किती तेल लागलेलं असतं, देवाला तसला कापूस कसा द्यायचा? भावानं मागल्या हंगामातला घरचा कापूस राखून ठेवला होता, तो मागवला. सरकी बोटांनी काढायची, कापूस पिंजायचा, वात वळायची. घरी दुकान, स्वयंपाक, औषधं यांतून सवड मिळेना. मग मी गाडीत वाती वळायला सुरुवात केली. यजमान पुढं वैशालीशेजारी बसायचे आणि मागची सगळी सीट माझी. एकीकडं ताट, एकीकडं सरकीचं गाठोडं, आणि कोपऱ्यात सीटच्या बाजूला एक जाळी आहे, तिला टेकवून कापसाची पिशवी. जणू पिशवीसाठीच ती जागा केलेली.

वैशाली मला मामी म्हणते. एकदा म्हणाली, "मामी, त्या जाळीपाशी काही ठेवू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलं हाये, बॅटरीला हवा तिथून जाते."

मी म्हटलं, "काऊन? गाडीला माझ्या कापसाचा त्रास होऊन राह्यला, का तुला?"

यजमान पुढून एवढंच म्हणाले, "अवं, पोरगी सांगते तं ऐकून घेत जा." ऐकते कोण! देवाच्या कामात आडवं येणाऱ्याला मी कधी सोडलेलं नाही. मागं बसून आणखी जोरात नमः शिवाय म्हणू लागले.

आणि मग गाडीनं मला साथ द्यायला सुरुवात केली. हसू नका. आधी ज्या गाडीचा आवाजच नव्हता, तिच्यात माझ्या डाव्या अंगाला, अगदी त्या जाळीतून, एक बारीक घुमारा येऊ लागला. एका सुरातला, न तुटणारा. दिवस गेले तसा तो वाढत गेला. नवरात्राच्या सुमाराला तर तो इतका स्पष्ट झाला की माझ्या अंगावर काटा आला. ओंकार! माझ्या जपाला गाडी ओंकार लावून राहिली होती. मी हे देवळात सांगितलं, दुकानात येणाऱ्या बायांना सांगितलं. दोघीतिघी तर मुद्दाम गाडीत बसून, जाळीला कान लावून, हात जोडून गेल्या. त्याच दिवसांत वैशालीला पुढच्या पडद्यावर एक पिवळी सूचना दिसायला लागली होती. तिनं आमच्या इथल्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं नारिंगी वायरी बघून हात वर केले. म्हणाला, "हिच्यात लय करंट असते ताई, मी हात लावत नाई. कंपनीत दाखवा." कंपनीचं वर्कशॉप लांब, आणि आमचं एक दिवसाआड आदिलाबाद. दिवाळी झाली की जाऊ, असं ठरलं.

दिवाळीनंतरच्या एका पाळीला यजमान हटून बसले. "आज नको. रोज रोज त्या सुया नको वाटते." त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून मलाही हो म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हटलं. ती चूक माझी. आधीच्या डायलिसिसपासून चौथ्या दिवशी सकाळी त्यांचे पाय खांबासारखे सुजले, आडवं पडलं की दम कोंडायला लागला. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, तसेच घेऊन या, उशीर करू नका. वैशालीनं गाडी काढली. बोथच्या फाट्यावरून हायवेला लागलो तोवर ओंकार इतका मोठा झाला होता की यजमानांचा श्वास ऐकू येईना. मी पिशवी जवळ ओढून वाती वळत होते. हात थांबू देत नव्हते. जरा थांबले आणि त्यांचं काही झालं तर, असं मनात. इच्चोडा मागं गेला आणि पडद्यावर लाल खूण लागली. गाडीचा जोर गेला. वैशालीनं कशीबशी ती कडेला घेतली.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पाऊण तास लागेल म्हणाले. दोन जीप थांबल्या, दोन्ही गच्च भरलेल्या. तेव्हाच मी देवाला ते सगळं बोलले.

माझं बोलणं संपतं न संपतं तोच एक मोटारसायकल पुढं जाऊन परत वळली. पन्नाशीचा माणूस, अंगात खाकी सदरा, पाठीमागं पत्र्याची पेटी दोरीनं बांधलेली. आत यजमानांकडं एकदा बघितलं, वैशालीनं सांगितलेलं ऐकलं, आणि मग तो माझ्याकडंच बघायला लागला. माझ्या लुगड्यावर, केसांत, सगळीकडं कापसाचे बारीक तंतू.

"माय, गाडीत कापूस कोन पिंजते?"

"देवाच्या वाती हायेत," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"देवाच्या असू द्या. मी भैंसा गावच्या जिनिंगात फिटर हावो. कापसानं मशीन कसं गुदमरते ते मले शिकवू नका." तो मागच्या दारातून आत वाकला, माझी पिशवी बाजूला केली आणि जाळीवर तळहात धरला. "इथं वारा वढाले पायजे. काईच नाई. पंखा बोंबलून राह्यला अन् आत हवाच नाई. हा आवाज किती दिवसाचा हाये?"

ज्या आवाजाला मी बायकांना हात जोडायला लावले, तो गुदमरणाऱ्याचा आवाज होता. वैशालीनं तेव्हा मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"नारिंगी वायरीले मी बी हात लावत नाई," तो म्हणाला, "पन जाळी आपल्या हातातली हाये." वैशालीला गाडी पूर्ण बंद करायला लावली. पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढून जाळीचं झाकण अलगद उचकटलं, आतली चाळणी बाहेर ओढली, आणि तिच्यावरून करड्या कापसाचा एक आख्खा थर सोलून काढला. तव्यावरची भाकरी निघावी तसा. तो त्यानं माझ्या हातात दिला. "घ्या माय, तुमचाच हाये." कापसाचे उरलेले तंतू जुन्या ब्रशनं झाडले, चाळणी परत बसवली, चारी दारं उघडून ठेवली. वैशाली पदरानं तिच्या सासऱ्यांना वारा घालत होती. मी नुसती उभी होते. जपही आठवत नव्हता. मनात एवढंच होतं की आता माझ्या हातात काही नाही, तू बघ. इतक्या वाती वळल्या, पण असं मनापासून मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं.

दहा-पंधरा मिनिटांनी त्यानं गाडी सुरू करायला सांगितली. लाल खूण गेली. "एसी जोरात ठेवा ताई, अन् हळू चालवा." मी नाव विचारलं, काही घ्या म्हटलं. "नाव काय करता माय, मानसाले घेऊन जा आदी!" म्हणून त्यानं मोटारसायकलला किक मारली. ज्या मशीनच्या कापसाला मी नाक मुरडलं, त्याच मशीनचा माणूस देवानं धाडला. बहुतेक मुद्दामच.

दवाखान्यात यजमानांना लगेच मशीनवर घेतलं. दुपारपर्यंत त्यांचा श्वास खाली बसला, संध्याकाळी चहा मागितला. तो कप त्यांच्या हातात देताना मी रडले, आणि वैशालीला जवळ घेऊन म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "मामी, मामाजी ठीक हायेत ना, झालं मग." नंतर वर्कशॉपमध्ये गाडी पूर्ण तपासून झाली. बॅटरी शाबूत होती.

थोड्या वाती उरल्या होत्या, त्या आम्ही सासू-सुनांनी घरी ओसरीवर बसून वळल्या. शेवटची वात मी त्या करड्या कापसाची केली. उद्यापनाला देवळात गुरवाला विचारलं, ही चालेल का? तो म्हणाला, जळते की नाही एवढंच बघायचं. ती आधी तडतडली, मग बाकीच्यांसारखीच जळली. महादेवाची मी माफी मागितली, त्या दिवशी बोलले त्याची, आणि त्याहून जास्त, जे वैशालीनं आणि त्या आवाजानं सांगूनही ऐकलं नाही त्याची.

आता गाडीत कापूस नाही. पहिल्या दिवशी रिकामी बसले तेव्हा हात कुठं ठेवावे कळेना. यजमानांनी पुढचं दार उघडून परत लावलं आणि मागं माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "मागं जागा झाली ना आता." गाडी हायवेला लागली, कुठलाच आवाज नव्हता. त्यांनी आपला डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या नसेवर बोटं ठेवली. कातडीखाली ती घरघर चालू होती, बारीक, एका सुरात, न तुटणारी. आदिलाबाद येईपर्यंत मी हात काढला नाही.