भेंडाचे पंख

आज सकाळपासून आमच्या हॉलमध्ये पांढऱ्या चुऱ्याचा नुसता सडा पडला आहे. पणतीला शाळेत न्यायला बिनइंजिनाचं विमान करायचं आहे, आणि त्यासाठी तिनं बाजारातून फोमबोर्ड आणला आहे. मधे हलका पांढरा गाभा, दोन्ही अंगांना चिकटवलेला गुळगुळीत कागद. तिचं कटर फिरलं की माझे दात शिवशिवतात आणि चुरा उडून साडीला चिकटतो तो झटकूनही जात नाही. पंखाचा एक तुकडा मी उचलला, तळहातावर तोलला. वजन म्हणावं तर नाहीच. हे नसलेलं वजन माझ्या हाताला चांगलं ओळखीचं होतं. मी तिला म्हटलं, पंख जरा रुंद काप. तर बाईसाहेब म्हणाल्या, रुंद केला तर ते हळू जाईल, आजी. मला हसू आलं. हळू जाण्यासाठी एका माणसानं काय काय केलं होतं, हे त्या पोरीला कुठून माहीत असणार?

मी लग्न होऊन कळसाडीला आले ते छप्पन-सत्तावन्न साल असेल. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा पश्चिम खानदेशच. माझं माहेर नवापूरचं. सुरतेच्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत वाढलेली मी, आणि सासर पडलं कापसाउसाच्या गावात. धाब्याचं म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर, पुढे मोठं अंगण, अंगणात निंब, आणि अंगणाला लागूनच खळं. घरात सासू-सासरे, थोरले दीर म्हणजे आमच्याकडचे जेठ, थोरली जाऊ, आणि आम्ही दोघं. जेठांसमोर माझा पदर हनुवटीपर्यंत असायचा, बोलायचा तर प्रश्नच नव्हता. पण खरी गंमत नवरा-बायकोची होती. वडीलधाऱ्यांपुढे, चारचौघांपुढे त्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. हा नियम कुणी कुणाला सांगितलेला नव्हता, पण मोडलेलाही कुणी पाहिलेला नव्हता. नवऱ्याला तहान लागली तर तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "पानी भेटी का?" आणि भिंत मुकाट्यानं तांब्या भरून आणायची. मला नवापूरच्या मुलीला याचं भारी हसू यायचं, पण वर्षभरात मीही चांगली भिंत झाले.

जेठ अंगानं दणकट, बोलायला अगदी कंजूष, आणि कपाशीच्या कोळपणीच्या पाळ्या नसल्या की विमानं करणारे. शहाद्याला शाळेत असताना कुण्या शिक्षकांनी त्यांना हे वेड लावून दिलं होतं. बाशिंगं करणाऱ्यांकडून ते भेंड आणायचे. ती पाण्यात वाढणारी वनस्पती. आतला गाभा पांढरा, मऊ, फुंकरीनं उडेल असा. त्याच्या पातळ पट्ट्या काढून बाभळीच्या डिंकानं एकाला एक जोडायच्या आणि त्या फळीला खालून-वरून पतंगाचा कागद लावायचा. तो कागद माझ्या माहेरून यायचा, म्हणून त्या विमानांत माझाही वाटा आहे असं मी मनातल्या मनात धरून चालायची. ओल्या डिंकाचा आंबूस वास, चुलीजवळ उबेला ठेवलेले पंख, आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून पाय आखडून वावरणाऱ्या आम्ही बायका. सासूबाई म्हणायच्या, घरात तान्हं नाही, पण तान्ह्यासारखं जपावं लागतं सगळं. जावेला मूल नव्हतं. ते बोलणं तिला लागायचं.

संध्याकाळी वारा पडला की जेठ धाब्यावर चढायचे आणि विमान सोडायचे. पहिले काही महिने मला वाटायचं, मोठा माणूस, काय हा पोरखेळ! मग हळूहळू ध्यानात आलं. ते विमान कुठूनही कसंही फिरलं तरी उतरायचं ते जिथे थोरली जाऊ सूप घेऊन धान्य पाखडत बसलेली असायची तिथेच आसपास. ती उचलून ते ओसरीच्या कडेवर ठेवायची. वरून ते बघायचे, खालून ती. दिवसभरात एकमेकांशी एक शब्द न बोललेली ती दोन माणसं त्या एवढ्याशा वेळात किती बोलून घ्यायची! मला हेवा वाटायचा, खरंच सांगते. माझा नवरा चांगला होता, पण माझ्यासाठी त्यानं कधी आकाशात काही सोडलं नव्हतं.

आणि जावेचे डोळे जात होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यांची नस सुकत चालली आहे, उपाय नाही. जेठांना हे माहीत होतं. नजर मंद झाली आहे, एवढंच ते धरून चालले होते. किती मंद, ते फक्त मला कळलं. घरात ती पावलं आणि भिंती यांच्या आठवणीवर चालायची, भाकरी थापायची, दिवा लावायची. कुणाला शंका येऊ द्यायची नाही. एकदा विमान तिच्या पायाशी येऊन उतरलं आणि तिचा हात भलतीकडेच चाचपडत राहिला. मी पटकन ते तिच्या हातात दिलं. तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि मला विनवलं, की हे बाहेर फुटू देऊ नकोस. मी म्हटलं, रात्री त्यांना एकांतात सांगत का नाहीस? तर म्हणाली, सांगितलं की त्याच दिवशी ते विमानं बंद करतील. मला दिसत नाही म्हटल्यावर सोडतील कुणासाठी? डोळे गेले ते गेले, पण ही संध्याकाळही जाईल, आणि ते गप्प बसून राहतील. मला ते सोसणार नाही.

मग आम्ही दोघींनी एक युक्ती काढली. मी तिच्याजवळ दाणे निवडत बसायची, आमचे दोघींचे हात एकाच सुपाखाली. विमान सुटलं की मी तिचा हात दाबायची, आणि ते जिकडे वळेल तिकडे हात किंचित ओढायची. ती तिकडे तोंड फिरवायची. वरून बघणाऱ्याला वाटावं, बाई विमान बघते आहे.

वाटतही होतं. पण एक गोम राहिली. मी बघणार, मग हात ओढणार, मग ती मान वळवणार. तेवढ्यात विमान पुढे गेलेलं असायचं. जेठांनी हे बरोबर हेरलं. त्यांचा समज झाला की विमान फार वेगानं जातं आणि हिची मंद नजर त्याच्यामागे धावताना थकते. झालं! त्या दिवसापासून या माणसानं एकच ध्यास घेतला. विमान लांब जायला नको, उंच जायला नको, हळू जायला हवं.

आधीचे पंख अरुंद, टोकदार असायचे. ते त्यांनी रुंद केले. तर विमान नाक वर करायचं, क्षणभर थबकायचं आणि धपकन खाली. मग नाकाला मातीचा गोळा लावला. तो इतका झाला की सासरे म्हणाले, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गोळा कमी केला तर ते एका अंगावर कलंडायला लागलं. मग पंखांची टोकं थोडी वर उचलून बसवली, हात पसरून तोल सावरत बांधावरून चालणाऱ्या माणसासारखी. कलंडणं थांबलं, पण वेग होताच. तेव्हा त्यांनी ती भेंडाची फळी ऊन पाण्याच्या हंड्यावर ओलसर फडक्यासकट बांधून रात्रभर ठेवली. सकाळी तिला हंड्याच्या पोटाची गोलाई आली होती. त्या बाकदार पंखाखाली वारा जणू हात देऊन उभा राहायचा. विमान तरंगायला लागलं. तरी जावेची मान मागेच राहायची, कारण तिची मान माझ्या हातावर चालायची, पंखावर नाही. आणि ते बिचारे आणखी पातळ, आणखी रुंद, आणखी हलकं करायला बसायचे. चुलीच्या उजेडात त्यांची वाकलेली पाठ मला दिसायची. सांगून टाकावं वाटायचं. पण जेठांशी मी बोलू शकत नव्हते, आणि जावेला शब्द दिलेला होता.

अशात खळं लागलं. उपणणीला, भूस उडवायला, वारा लागतो आणि विमानाला शांतता. जेठ धाब्यावर चढायचे तेच मुळी वारा पडला की. पण खळ्यावर सुपं भरून उभ्या राहिलेल्या लोकांना उलटंच दिसायला लागलं: हा माणूस विमान घेऊन वर चढतो आणि वारा पडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी सासऱ्यांना येऊन सांगितलं की तुमच्या थोरल्यानं वारा बांधून ठेवला आहे, शेवटची रास निघेपर्यंत ते इमान खाली ठेवा. सासऱ्यांनी भिंतीशी बोलावं तसं निंबाशी बोलून निकाल दिला, आणि जेठांनी विमान खुंटीला टांगलं. त्या बंदीच्या दिवसांत जाऊ अगदी कोमेजून गेली. संध्याकाळी सवयीनं ती अंगणात येऊन बसायची, तोंड वर करायची, आणि मग आठवण येऊन मान खाली घालायची. जेठ मात्र बसून राहिले नाहीत. त्यांनी नवे पंख केले, आणि लाल कागद लावला.

शेवटची रास झाली त्या दिवशी अख्खं खळं आमच्या अंगणाच्या कडेला टेकलं होतं. गूळ वाटून झाला होता. वारा पडला, निंबाचं पानही हलत नव्हतं, ऊन पिवळं झालं होतं. तेच वृद्ध गृहस्थ म्हणाले, आता सोड म्हणावं, बघू तरी आमचा वारा कोण खात होतं. जेठ वर चढले. मी जावेशेजारी बसून तिचा हात धरला.

काय सांगू तुम्हाला! ते विमान त्यांच्या हातून सुटलं असं वाटलंच नाही. त्यांनी ते हवेवर नुसतं ठेवलं. इतकं हळू, की त्याच्या पंखांतून आरपार आलेलं ऊन लालसर होऊन लोकांच्या पागोट्यांवरून सरकत गेलं. बोलणी थांबली. निंबाला वळसा घालून ते खळ्यावर गेलं, तापलेल्या जमिनीवरून थोडं वर उचललं गेलं आणि पुन्हा फिरलं. मी जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. मी बघतच राहिले. आणि माझा हात जागचा हललाच नाही.

भान आलं तेव्हा सगळं खळं एकीकडे बघत होतं आणि माझी जाऊ दुसरीकडे. तोंडावर तेच समाधानाचं हसू, तोंड धाब्याकडे, जिथे आता काहीच नव्हतं. फक्त ते उभे होते, आणि ते तिच्याकडे बघत होते. मी घाईनं तिचा हात ओढला. तिला त्या ओढण्यातूनच सारं कळलं. तिनं हात सोडवून घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सासू-सासऱ्यांच्या, गावाच्या देखत, धाब्याकडे तोंड करून म्हणाली,

"माले काही दखास नही."

मला काही दिसत नाही. एवढंच. लग्न झाल्यापासून चारचौघांत नवऱ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

जेठ शिडीवरून खाली आले. विमान अजून हवेतच होतं, इतके ते पंख साधले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते सरळ चालत आले आणि जावेशेजारी जमिनीवर बसले, मांडीला मांडी लागेल असे. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि तो मुलखाचा अबोल माणूस बोलायला लागला.

"आते निमना वर शे," ते म्हणाले. "आते फिरी ऱ्हायनं." आता निंबावर आहे, आता वळतं आहे.

एवढ्यात ते खळ्यातल्या पेंढ्यावर उतरलंही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण जेठ थांबले नाहीत. आता विहिरीवर आहे, आता उसाच्या शेंड्यांना लागेल असं वाटलं पण लागलं नाही, आता पुढे कपाशीच्या रानावर, असं सांगतच राहिले. डोळे मिटून सांगत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. कुणी हसलं नाही, कुणी खाकरलं नाही. आमचे सासरे खाली मान घालून बसले होते.

जाऊ मधेच विचारायची, "मंग?"

आणि ते पुढे सांगायचे.

मी तिला दुसऱ्या दिवशी म्हटलं, विमान तर केव्हाच उतरलं होतं गं. ती जात्याला हात लावून बसली होती. म्हणाली, "पेंढामा उतरनं ते माले समजनं व्हतं. पन त्यासनं सांगनं सरेल नव्हतं." उतरलेलं तिला कळलं होतं, पण त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.

त्यानंतर ते रोज सांगायचे. विमानाचं निमित्तही पुढे लागेना. कपाशीला बोंडं किती धरली, ढग कुठल्या अंगाला आहेत, धाकटीनं, म्हणजे मी, आज कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं आहे, असं काहीही. गावानं आठ-पंधरा दिवस नावं ठेवली आणि मग सोडून दिलं. आमच्या घरातल्या भिंतीही हळूहळू भिंतीच राहिल्या; एक दिवस माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघून पाणी मागितलं, आईसमोर. त्या पंखांना पुढे उंदीर लागले. दोघंही जाऊन आता किती वर्षं झाली. माणसाचं काय राहतं, असा विचार या वयात फार येतो, आणि मला नेहमी वाटतं, पुष्कळ काही राहत नाही. पण जावेच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ होते. तिला विचारलं, कसलं वाईट वाटतं का, काही बघायचं राहिलं का?  ती म्हणाली, नाही, त्यांनी सगळं दाखवलं.