आतून बंद, वरून चालू

चिखल्याच्या खाण-कॉलनीत वाढलेली रीना नागपूरच्या प्रयोगशाळेत एका अजब स्फटिकावर काम करत होती. त्याच्या पोटातून वीज जात नाही, फक्त पृष्ठभागावरून वाहते, हे तिला तपासायचं होतं. केसाहून हजारपट पातळ पापुद्रा तिनं मोठ्या कष्टानं मिळवला होता, थंडीत त्यातून किती वीज वाहते तेही मोजलं होतं. त्या दुपारी त्याच्यावरची चिकटपट्टी ओढताना तोच पोळीच्या पदरांसारखा उकलला आणि त्याचे दोन पापुद्रे झाले. रीनाला रडू कोसळलं.

तरी टाकून देववेना. तिनं एका पापुद्र्याला तारा जोडल्या आणि तो यंत्रात थंड करायला ठेवला. गारवा वाढला तशी वीज घटत गेली. आतली वाट बंद होत होती. मग आलेख एकदम सपाट झाला. उरलेली वीज वाहतच राहिली, आणि तीही अखंड पापुद्र्याइतकीच!

तिनं लगेच बाबांना फोन लावला. यादोराव नुकतेच खाणीतून घरी आले होते.

"बाबा, जमलं! आतून बंद, वरून चालू!"

"मंग वरून तांब्याचा मुलामा असन त्याले."

"नाही ना! मुलामा असता तं उकलल्यावर एकाच बाजूले राहिला असता, वीज निम्मी झाली असती. इथं आतली बाजू उघडी पडली, आन् तिच्यावरूनई वीज धावून राहिली!"

यादोराव ओरडले, "पार्वता, इकडं ये वो! पोरगी काय सांगून राहिली, आयक!"

रीनानं आईसाठी सगळं पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळी दुसऱ्या पापुद्र्यानंही तेच दाखवलं, तेव्हा ती प्रयोगशाळेत एकटीच नाचली.