काकांच्या आवाजाची चोरी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. निवृत्त व्हायचं माझं वय नाही. पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी मी चार वर्षांत स्वतःहून सोडली. आता घरोघरी पत्रकं वाटते : जुना कॉम्प्युटर देऊन टाकण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या, ती तुमची आहे. हे वेड कुठून लागलं, असं लोक विचारतात. ते या प्रकरणातून लागलं, नोकरीही त्यानंतरच सोडली.

उज्जैनला फ्रीगंजजवळ आमचं ठाणं. एका सकाळी हजेरी झाली, रोजनाम्चा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, उघडला, आणि सत्तरीच्या काकू तक्रारीचं आवेदन घेऊन समोर बसल्या. सोबत काका, गणिताचे निवृत्त शिक्षक. ऑपरेशनमध्ये त्यांची स्वरपेटी काढली होती. गळ्याभोवती मऊ रुमाल, खिशात वही. बोलायचं ते लिहून.

"मॅडम, चोरी झालीय," काकू म्हणाल्या. "टावर चौकातल्या मेकॅनिककडे कॉम्प्युटर नवा करायला दिला. मशीन परत आलं, जुन्या दोन डिस्क गायब! ह्यांचा आवाज होता त्यात. मुलगी पुण्याला. तिच्यासाठी दर रविवारी काहीबाही बोलून ठेवायचे, ती सुट्टीत येऊन ऐकायची. तो आवाज आता दुसरीकडे कुठेच नाहीये."

माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारे दुकानदार मी पाहिले होते. काका वहीचा कोपरा दुमडत बसले होते. त्यांना मी एकही प्रश्न विचारला नाही.

मेकॅनिकला उचलून आणलं. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर.

"मॅडम, थैली में डालके काकाजी के हाथ में दी थी."

"खोटं बोलू नका. आजारी माणसाला फसवताना लाज नाही वाटली?"

"लाज किस बात की? पूछ लो उनसे."

विचारलं नाही. त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं. दुपार झाली, दुकान बंद, त्याचा डबा तसाच. असं बसवून ठेवणं बेकायदा आहे, ते कलम मला पाठ होतं. राग आला की पाठांतर उपयोगी पडत नाही.

डिस्कच्या मागावर लावलेल्या मुखबिराचा, म्हणजे आमच्या खबऱ्याचा, संध्याकाळी फोन आला. देवास गेटजवळच्या कबाड्याकडे, भंगारवाल्याकडे, दोन जुन्या डिस्क आल्यात. देणाऱ्या बुजुर्गांच्या गळ्यात रुमाल होता, बोलत नव्हते, कागदावर लिहून दाखवत होते.

मी मेकॅनिककडे पाहिलं. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि चपला शोधायला लागला.

कबाड्याचा माल अजून गेला नव्हता, म्हणून डिस्क शाबूत मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या घरी गेले. काकू पोहे करायला आत गेल्या तेव्हा पिशवी टेबलावर ठेवली. काकांनी वही काढली.

"मीच दिल्या."

"का?"

बराच वेळ त्यांनी लिहिलं. "ती रोज दुपारी माझा जुना आवाज लावते. मी समोरच बसलेला असतो. ती त्याच्याशी बोलते." खाली आणखी एक ओळ. "मिस्त्री म्हणाला, नव्या मशीनला या जोडता येत नाहीत. सुटलो असं वाटलं."

चार वर्षांत कितीतरी कबुल्या घेतल्या. ही मी दोनदा वाचली.

काकू दारात उभ्या होत्या, हातात पोह्यांच्या बशा. त्यांनी वही ओढून घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"अहो, हौसेनं बोलते का मी त्याच्याशी? माझा चष्मा सापडेपर्यंत तुम्ही वही मिटून टाकता. परत विचारलं की रागावता. मग दिवसभर या घरात कुणाशी बोलू?" आणि माझ्याकडे वळून, "आवाज गेला, पण हट्ट एकदम शाबूत आहे बरं का!"

काकांच्या खांद्यांना हसू आलं. मग डोळे भरले. त्यांनी लिहिलं, या वेळी पानभर मोठ्या अक्षरात : "जोडता येतील?"

मी डिस्क आणि मशीन घेऊन टावर चौकात गेले. मेकॅनिक म्हणाला, "बोलवायला आलात की उचलायला?" मी सगळ्या दुकानासमोर माफी मागितली. पुढे तीन गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून आणखी मोठ्यानं मागितली.

"काकाजींना मी सांगत होतो," तो म्हणाला. "ह्या रुंद पट्टेवाल्या, चपट्या केबलच्या डिस्क. नव्या बोर्डावर पट्ट्याची जागाच नाही. मध्ये कंट्रोलर कार्ड टाकावं लागतं. कार्डाचं नाव काढलं तर त्यांनी हातानंच सांगितलं, रहने दो."

त्यानं कार्डांचं खोकं उपसलं. पहिलं कार्ड जुन्या खाचेचं, नव्या बोर्डात बसेना. दुसरं बसलं, पण चालू होताच दोन्ही डिस्क एकत्र बांधून एकच करू का, असं पडद्यावर विचारायला लागलं. माझा हात बटणाकडे गेला.

"हाथ मत लगाना, मॅडम! हो म्हटलं की हे आधी सगळं पुसणार."

मी यूएसबीची तार सुचवली, बाहेरून लावायची. तो म्हणाला, "ती एकेक डिस्क दाखवेल. ह्या वयात त्यांना रोज काढ-घाल करायला लावू?" तिसरं कार्ड त्यानं ओळखीच्या दुकानातून मागवलं. साधं, डिस्कमध्ये अजिबात नाक न खुपसणारं. एकीकडे नवी खाच, दुसरीकडे जुना पट्टा.

चौथ्या दिवशी काका-काकूंच्या खोलीत मशीन चालू झालं. खरखर, मग दमदार आवाज : "बाळा, आज रविवार. तुझी आई मागे उभी राहून खुणावतेय की खोकल्याचं सांगू नका. तर, मला खोकला झालाय."

काकू हसता हसता खाली बसल्या. काका स्वतःचा आवाज मान तिरकी करून ऐकत होते, वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर ऐकावं तसे. संपल्यावर त्यांनी वही घेतली आणि लिहिलं. काकूंनी चष्मा लावला, वाचलं, उत्तर दिलं. काकांनी पुन्हा लिहिलं. नंतर दोघांचं बराच वेळ चाललं. काय ते मी पाहिलं नाही. मेकॅनिक आणि मी जिन्यात येऊन थांबलो.

आवेदन मागे घेतलं गेलं. रोजनाम्च्यात मी निर्दोष माणसाला दिवसभर बसवल्याची नोंद स्वतःच्या सहीनं केली. टीआय साहेब, आमचे ठाणेप्रमुख, चिडले, तरी मी ती खोडली नाही. मला वाटायचं, राग आला म्हणजे आपण न्यायाच्या बाजूला आहोत. तसं नसतं. त्या सकाळी समोरचा एक माणूस वहीचा कोपरा दुमडत होता, आणि "काका, तुम्हाला काय लिहायचंय?" एवढंच विचारायचं होतं.