वडिवळ्याच्या म्हातारीची शेळी

आमच्या आत्याचा हात पाठीवरून फिरला की शेळीला आपलं खरं वय आठवायचं. ती बाजारात शिरली की शेळ्या विकणारे थेट लोणावळ्यापर्यंत पळत सुटायचे, असं मी सांगत आलोय. खरं म्हणजे कामशेतच्या पुढे कुणी गेला नसावा.

लोणावळ्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आम्ही शेळीचं दूध पोचवायचो. त्यासाठी आत्याने वडिवळ्याच्या एका एकट्या म्हातारीची शेळी हेरली. मांजरापेक्षा जरा मोठी, पण शेळीच कासेला लोंबतेय असं वाटावं. म्हातारीचे गुडघे गेले होते, तिला चारायला नेणं होईना. अट एकच.

"बाई, खाटकाला तेवडी देऊ नगा. घरात माझ्यासंगं बोलणारी तीच हाय."

"एकवीरेची आण," म्हणत आत्याने दावं हातात घेतलं.

घरी शेळीने थेंब दिला नाही. आत्याने चुचकारलं, गूळ चारला, शेवटी लाथ घातली. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वडिवळ्याला.

"तुजं लुगडं दे," आत्या म्हातारीला म्हणाली. "तुज्या वासाबिगर पान्हवत न्हाई ती. न्हाईतर खाटीक आजच येतोया."

म्हातारीकडे दोन लुगडी. एक अंगावर, एक वाळत. धुतलेल्याला वास कुठला? म्हातारी आत गेली, ओलं नेसून आली आणि अंगावरचं आत्याच्या हातात दिलं.

"मावशी, गार लागंल हां," मी हसत म्हणालो.

ते लुगडं नेसून आत्या बसली की भांडं भरायचं. आगगाडीच्या इंजिनात पाण्याऐवजी आमचंच दूध भरतात, असं मी गावभर सांगायचो. चार महिन्यांनी शेळी आटली. खाटीक आला तेव्हा ती जागची हलेना. आत्या म्हातारीचं लुगडं नेसून आली आणि पुढे चालू लागली. शेळी तिच्या मागे वेशीपर्यंत उड्या मारत गेली.

आठवड्याने म्हातारी मला कामशेतात भेटली.

"माजी बरी हाय न्हवं?"

"गाभण हाय, मावशी. पोट असं वाढलंय, दारातनं आडवी शिरतीया."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात. त्या गुडघ्यांनी चालत, डोक्यावर बोरीच्या पाल्याचा भारा. आत्या तेच लुगडं नेसून गोठा झाडत होती. खुंटाला नवी शेळी. म्हातारीने शेळी पाहिली, लुगडं पाहिलं, मग मला. मी आढ्यातले वासे मोजू लागलो.

"आणलाच हाईस तर ठेव तितं पाला," आत्या म्हणाली.

म्हातारीने भारा सोडला आणि एकेक डहाळी नव्या शेळीपुढे धरत राहिली, सगळा संपेपर्यंत.

"ही कुणाकडनं आणली?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं.

"तू गप," आत्या म्हणाली.